जवसाच्या वासाचा चेंडू

कापूस उडायला लागला.

दर वर्षी जूनच्या पहिल्या आठवड्यात हे असंच होतं. सकाळी सहाला मी हॉस्पिटलच्या लॅबमध्ये कामाला निघते, आणि गाडीच्या काचेवर वायपरखाली पांढऱ्या पुंजक्यांची ओळ जमलेली असते. ईडन प्रेरीतल्या आमच्या घरामागून एक ओढा जातो. त्याच्या काठानं कॉटनवूडची उंच झाडं आहेत. पाच महिने बर्फात मुकाट उभी राहिलेली ही झाडं जून लागला की एकदम उधळतात. कापूस अंगणात, कापूस गॅरेजमध्ये, कापूस ए.सी.च्या जाळीत. नागपूरला आमच्या शाळेमागे सावरीचं झाड होतं. त्याचा कापूस आम्ही मुली फ्रॉकच्या ओच्यात गोळा करायचो आणि कुणाच्या तरी आईला उशीत भरायला नेऊन द्यायचो. इथला कापूस कशाच्याही कामाचा नाही. माझ्या नवऱ्याला, मिलिंदला, त्यानं शिंका येतात. महिनाभर तो रुमाल घेऊन फिरतो आणि तरीही घरातल्या सगळ्या खिडक्या सताड उघडतो, कारण मिनेसोटात खिडकी उघडता येते असे दिवस हाताच्या बोटांवर मोजण्याइतके.

मला मात्र या कापसाबरोबर जवसाचा वास येतो. बाहेर जवस नसतं, ओढ्याकाठी तर नसतंच. तो वास सहा वर्षांपूर्वीच्या उन्हाळ्यातून येतो, आणि नाकात शिरला की मी सिग्नल हिरवा झाला तरी थांबून राहते. मागचा माणूस हॉर्न वाजवतो. मिनेसोटाचा माणूस हॉर्न वाजवतो म्हणजे बघा, मी किती वेळ थांबत असेन.

यंदा कापूस उडायला लागला तेव्हा मित्रा घरात होती. जूनमध्ये ती घरी असण्याची सहा वर्षांतली ही पहिलीच वेळ.

मित्रा म्हणजे आमची लेक, संघमित्रा. ती ऑस्ट्रेलियात फुटबॉल खेळायची, पोटापाण्यासाठी. हे वाक्य मी गेल्या सहा वर्षांत इतक्यांदा बोलले आहे की पुढचे प्रश्नही मला पाठ आहेत. "सॉकर का?" नाही. "मग तो हेल्मेटवाला?" तोही नाही. तिसराच. लंबगोल लाल चेंडू, क्रिकेटचं असतं तसं प्रचंड गोल मैदान, दोन्ही टोकांना चार-चार खांब. चेंडू लाथेनं मारायचा किंवा मुठीनं ठोसून पुढे द्यायचा, फेकायचा नाही. पळताना मधूनमधून तो जमिनीवर टप्पा पाडून परत हातात घ्यायचा, आणि लंबगोल चेंडू टप्पा पडल्यावर कुठे जाईल हे त्या चेंडूलाही ठाऊक नसतं. मधल्या दोन खांबांतून मारला तर सहा गुण. थोडक्यात हुकला आणि बाजूच्या खांबांतून गेला तर एक. हा एक गुण मिलिंदला फार आवडला होता. "हुकलं तरी एक देतात, बघ!" तो जेवताना म्हणाला होता. "आपल्याकडे एका मार्कानं मेडिकल हुकलं तेव्हा कुणी काय दिलं मला?" त्याला कुणी काही दिलं नव्हतं हे खरं. तो मग इंजिनियर झाला, पुलांचा.

त्या उन्हाळ्यात मित्रा बावीस वर्षांची होती. कॉलेजात चार वर्षं बास्केटबॉल खेळली, त्यातली अडीच बाकावर बसून. उंची बापाची आहे, पाच फूट अकरा. मेच्या सुरुवातीला डिग्री झाली. ऑगस्टअखेरीस फिजिओथेरपीच्या डॉक्टरेटचा कोर्स सुरू व्हायचा होता, प्रवेश मिळालेला होता, आणि मी नागपूरला फोन करकरून सगळ्यांना सांगून मोकळी झाले होते. मधले तीन महिने रिकामे. एका रविवारी ती पार्कमध्ये पळायला गेली आणि तिथे तिला हा लाल चेंडू दिसला. केव्हिन नावाचा पन्नाशीचा ऑस्ट्रेलियन गृहस्थ, जवळच्याच एका कंपनीत नोकरीला, दर रविवारी हौशी मंडळी जमवून हा खेळ खेळायचा. त्यानं तिची उंची बघितली, तिला एक चेंडू वर उडवून दिला आणि म्हणाला, पकड. तिनं तो दोन माणसांच्या डोक्यांवरून पकडला. संध्याकाळी घरी आली ती गुडघ्यांवर गवताचे हिरवे डाग घेऊन, आणि नुसती हसत होती. चार वर्षांत बास्केटबॉलवरून ती अशी हसत आलेली मला आठवत नाही.

केव्हिनचे चेंडू फक्त रविवारी हाती लागायचे. मित्राला रोज सराव हवा होता. अमेरिकेतल्या दुकानांत हा चेंडू मिळेना, म्हणून केव्हिननं आपल्या बहिणीला सांगून तिकडून एक मागवला. तो यायला दोन आठवडे लागले. मेच्या अखेरीस खोकं आलं. आत कोरा करकरीत, लालभडक, चामड्याचा चेंडू. मित्रा त्याला मांडीवर घेऊन सोफ्यावर बसली होती.

दुसऱ्या दिवशी मी कामावरून आले तर किचनमध्ये जवसाचा वास. मला वाटलं, मिलिंदनं चटणी कुटायला घेतली. आम्ही विदर्भातली माणसं. जवसाची चटणी घरात नसली की त्याला आजारी पडल्यासारखं होतं. पाहते तर ओट्यावर वर्तमानपत्र पसरलेलं, त्यावर तो चेंडू, आणि मिलिंद जुन्या बनियनच्या चिंधीनं त्याला मन लावून तेल चोळतोय. बाजूला फ्रिजमधली फ्लॅक्ससीड ऑइलची बाटली उघडी. डॉक्टरांनी त्याला कोलेस्टेरॉलसाठी सांगितलेली, रोज एक चमचा. फ्लॅक्ससीड म्हणजे दुसरंतिसरं काही नाही, आपलं जवस.

"हे काय करतोस?"

"अगं, नवीन आहे ना. नव्या बॅटला नाही का आपण जवसाचं तेल पाजायचो? दोन दिवस पाजलं की लाकूड टिकतं. मी म्हटलं, याला पण पाजावं. चामडं आहे, तडकेल नाहीतर."

"मिलिंद, ती बॅट होती."

"मग? काही नाही होत."

काही नाही होत म्हणता म्हणता त्यानं अर्धी बाटली पाजली होती. मित्रा आली, तिनं चेंडू उचलला, आणि तो साबणाच्या वडीसारखा तिच्या हातातून सुटून थेट फ्रिजखाली गेला. ती बापाकडे बघत राहिली. मला वाटलं आता रडेल. "बाबा," ती म्हणाली, "व्हाय? लाइक, जस्ट व्हाय?"

रविवारी तिनं तो केव्हिनला दाखवला. केव्हिननं हातात घेतला, वास घेतला, मग बराच वेळ झाडांकडे बघितलं. तिकडे आता हिवाळा, खेळाचे दिवस, दुकानदाराकडे माल नाही, दुसरा यायला आता निदान दोन महिने. तोपर्यंत हाच. मिलिंदनं टिश्यूपेपरनं पुसून बघितलं, डाळीचं पीठ लावून बघितलं, एकदा मी हेअर ड्रायर लावून बघितला. तेल मुरत गेलं, पण बुळबुळीतपणा काही जाईना. त्यात जून उजाडला आणि कापूस उडायला लागला. संध्याकाळी पार्कमधून चेंडू घरी यायचा तो पांढरी दाढी वाढलेल्या म्हाताऱ्यासारखा. मग आम्ही तिघं मागच्या पायरीवर बसून त्याचा कापूस खरवडून काढायचो, नखांनी. डास चावायचे. शेजारी कुणीतरी गवत कापत असायचं, स्प्रिंकलरचं पाणी रस्त्यावर यायचं, आणि नऊ वाजले तरी उजेड जायचा नाही. काय बोलायचो आम्ही? आठवत नाही. मित्रा आपल्या पायाच्या तळव्याला डोसा उलटल्यासारखं वळवून दाखवायची, चेंडू पायावर कसा सोडायचा ते. फेकायचा नाही, उडवायचा नाही, नुसता सोडायचा. "आई, इट्स ऑल इन द ड्रॉप," ती म्हणायची. मी हो हो करायचे.

एक गोष्ट सांगायला हवी. मी तेव्हा तिच्या बाजूनं नव्हते.

जूनच्या शेवटी तिनं सांगितलं की ऑस्ट्रेलियातल्या एका क्लबाची माणसं शिकागोला येणार आहेत, अमेरिकेतल्या खेळाडू मुली बघायला. बायकांची लीग तिकडे नवीनच होती. उंच मुली त्यांना हव्या होत्या, आधी खेळ येत नसला तरी चालणार होतं. निवड झाली तर तिकडे जावं लागणार. कोर्सचं काय, असं मी विचारलं. "आय कॅन डिफर, आई." प्रवेश पुढे ढकलता येतो म्हणे.

माझे बाबा रेल्वेच्या वर्कशॉपमध्ये फिटर होते. आमच्या घराण्यात मॅट्रिक झालेले पहिले. मी बी.एस्सी. होईपर्यंत त्यांनी मला एक दिवस पाणी भरू दिलं नाही. परीक्षेच्या दिवसांत स्वतः नळावर रांगेत उभे राहायचे. आमच्या हॉलमध्ये ज्यांची तसबीर आहे त्यांच्या हातात पुस्तक आहे. असल्या घरात हातात आलेला प्रवेश ढकलायचा, तोही एका तेलकट चेंडूसाठी? मी बोलायचं ते सगळं बोलले. चार दिवस घरात भांड्यांचाच आवाज.

त्या महिन्याची बुद्धवंदना आमच्याकडे होती. इथली आमची बौद्ध मंडळी महिन्यातून एकदा कुणाच्या ना कुणाच्या घरी जमतात. वंदना होते, मग जेवणं, मग जेवणांहून मोठ्या गप्पा. मी किचनमध्ये वंदनाताईंजवळ रडगाणं गायले. वंदनाताई आमच्यात वयानं मोठ्या, औरंगाबादकडच्या, तीस वर्षं इथे शिक्षिका. पुऱ्या लाटता लाटता त्यांनी सगळं ऐकून घेतलं.

"नाव काय ठेवलंस पोरीचं?" त्या म्हणाल्या.

"संघमित्रा."

"ती बोधिवृक्षाची फांदी घेऊन समुद्र ओलांडून गेली. तिच्या आईनं विचारलं असेल का गं, कोर्सचं काय म्हणून?" आणि लाटणं थांबवून म्हणाल्या, "नाव ठेवताना विचार करायचा असतो, बाई. आता रडू नको, तेल तापलंय."

मी रडले नाही. पण शिकागोलाही गेले नाही. शिफ्ट आहे म्हणून सांगितलं. शिफ्ट बदलून घेता आली असती.

मिलिंद घेऊन गेला, सहा तास ड्राइव्ह करून. त्या दिवशी शिकागोत धो धो पाऊस झाला. बाकीच्या मुलींच्या हातून चेंडू निसटत होते, चिखलात मुली एकमेकींवर पडत होत्या. आमच्या मुलीनं दोन महिने जवसाचं तेल प्यायलेला चेंडू पकडला होता. तिला ओल्या चेंडूचं काय? तिच्या हाताला तो चिकटल्यासारखा बसत होता. क्लबाच्या बाईनं मिलिंदला विचारलं म्हणे, हिला असं कुणी शिकवलं? मिलिंदनं केव्हिनचं नाव सांगितलं. एवढा अभिमान पोटात असताना खरं न बोलणं त्याला कसं जमलं, कोण जाणे. परतीच्या सहा तासांत त्यानं मला चार वेळा फोन केला, आणि चारही वेळा तेच सांगितलं.

निवड झाली. डिसेंबरात, उणे अठरा तापमान असताना, आम्ही तिला विमानतळावर सोडलं. बॅगेत उन्हाळी कपडे. चेंडू ती घरीच ठेवून गेली. "तिकडे खूप आहेत," ती म्हणाली, "हा बाबांचा."

पुढची पाच वर्षं मी फोनच्या पडद्यावर बघितली. आमच्याकडे कापूस उडायचा तेव्हा तिकडे थंडीत त्यांचा सराव सुरू झालेला असायचा. आमच्याकडे मेपलची पानं लाल व्हायला लागली की तिचे सामने. या खेळातली कारकीर्द कशी असते ते मला तेव्हा कळलं. आधी नुसती यादीत. रूकी म्हणतात, म्हणजे शिकाऊ. पहाटे जिम, दुपारी एका शाळेत मदतनिसाचं काम, संध्याकाळी सराव, शनिवारी दुसऱ्यांना खेळताना बघायचं. पहिल्या वर्षी ती आठ सामने बाकावरही नव्हती, कुंपणाबाहेर होती. मी मनात म्हणत होते, ये आता परत. तोंडानं म्हणत होते, डबा नीट करतेस ना?

मग एकदा संध्याकाळच्या शिफ्टला, लॅबमध्ये माझ्या जेवणाच्या ब्रेकला, व्हिडिओ कॉल आला. मी डब्यातली भेंडी खात होते. पडद्यावर मित्रा नव्हती, अख्खी टीम होती. तीस मुली अर्धगोलात बसलेल्या, मध्ये एक बाई हातात जर्सी घेऊन उभी. तिकडे रीत आहे: खेळाडूचा पहिला सामना असेल तर आदल्या दिवशी घरचं माणूस तिला जर्सी देतं आणि सगळ्यांसमोर दोन शब्द बोलतं. मी तिथे नव्हते म्हणून जर्सी कोच देणार होत्या आणि शब्द माझे. हे मला मिलिंदनं सांगायचं होतं. तो विसरला होता.

"मित्राज मम! से समथिंग टू हर!" त्या बाई म्हणाल्या.

तीस मुली माझ्याकडे बघत होत्या. मित्रा उभी होती, हात मागे बांधून, ओठ घट्ट मिटून. ती तशी उभी राहते ती रडू आवरताना, लहानपणापासून. मला किती सांगायचं होतं. मी चुकले, हे सांगायचं होतं. शिकागोला यायला हवं होतं, हे सांगायचं होतं. तोंडातून निघालं ते एवढंच:

"जेवलीस का?"

मित्रा फिस्सकन हसली, हसता हसता रडायला लागली, आणि म्हणाली, "हो आई, जेवले." कुणीतरी अर्थ विचारला. तिनं सांगितला. पुढची सगळी वर्षं ती टीम मैदानावर उतरताना एकमेकींना ओरडून विचारायची, जेवलीस का? त्यातल्या एकीलाही मराठीचा म येत नव्हता. बचावफळीत खेळणारी एक सोनेरी केसांची मुलगी तर मला वाढदिवसाच्या कार्डावर तेच लिहून पाठवायची, रोमन लिपीत, शेवटी दोन प्रश्नचिन्हं देऊन.

दुसरं वर्ष बरं गेलं, तिसरं फार छान. चौथ्या वर्षी तिचा डावा गुडघा गेला. उडी मारून चेंडू पकडला आणि खाली आली ती पाय मुडपून. मी रोज पॅथॉलॉजीचे रिपोर्ट बघणारी बाई; लिगामेंट फाटल्याचा रिपोर्ट तिनं पाठवला तेव्हा मला अर्थ कुणी सांगायची गरज नव्हती. मी गेले त्या वेळी. तिला आंघोळ घातली, बावीस तासांचा प्रवास करून नेलेलं मेतकूट भाताबरोबर भरवलं. एका संध्याकाळी ती म्हणाली, "आई, मी परत पकडू शकेन ना?" मी म्हटलं, हो. मला ठाऊक नव्हतं. तिला सोडून निघताना विमानात मी पाच तास शेजारच्या बाईकडे पाठ करून बसले होते.

पाचव्या वर्षी ती मैदानावर परतली, चार सामने खेळली. डिसेंबरात क्लबानं दहा मिनिटांच्या मीटिंगमध्ये तिला यादीतून काढलं. माणसं चांगली होती, म्हणाली ती, थँक यू म्हणाली. जानेवारीत ती दोन बॅगा घेऊन घरी आली. वय अठ्ठावीस. आपल्या जुन्या खोलीत गेली आणि तीन दिवस झोपली.

त्या तीन दिवसांत मी एक काम केलं. मिलिंदनं तो चेंडू हॉलमध्ये शोकेसमध्ये ठेवला होता, बुद्धमूर्तीच्या खालच्या फळीवर. मी तो काढला आणि बेसमेंटमध्ये नेऊन ठेवला, बासमतीच्या वीस-वीस पौंडांच्या पिशव्यांमागे. तिला दिसू नये, दिसला की दुखेल, असं मी मनाला सांगितलं. दुसरंही एक कारण होतं, ते मनालाही सांगितलं नाही. मिलिंदनं रिकामी फळी बघितली, मग माझ्याकडे बघितलं. मित्रानं तर विचारलंच नाही. तिनं फिजिओथेरपीला पुन्हा अर्ज केला, पुन्हा प्रवेश मिळाला, वर्ग याच ऑगस्टअखेरीस. मी या वेळी नागपूरला कुणाला फोन केला नाही. पण मनात सुखावले. बर्फ वितळला, लायलॅक फुललं, बापलेक संध्याकाळी वॉकला जायला लागले. मिलिंदनं मध्यंतरी बंद केलेलं फ्लॅक्ससीड ऑइल पुन्हा आणलं. चांगलंय, म्हटलं, कोलेस्टेरॉल मनावर घेतलं. बाटली भराभर संपत होती. वॉकवरून येताना त्याच्या शिंका थांबायच्या नाहीत. मी म्हणायचे, ओढ्याच्या कडेनं कशाला जाता, कापूस किती आहे तिथे. तो म्हणायचा, हवा चांगली असते.

आणि मंगळवारी ई-मेल आली.

मित्रानं जेवताना वाचून दाखवली. दुसरा एक क्लब. त्यांच्या उंच खेळाडूचा सरावात गुडघा गेला, हिच्यासारखाच. तिच्या जागी एका सीझनसाठी कुणी हवं होतं. ऑगस्टअखेरीस सामने सुरू. शुक्रवारपर्यंत कळवा.

"तुला काय वाटतं?" मी विचारलं.

"आय डोन्ट नो, आई." ती ताटातल्या वरणात बोट फिरवत होती. "शी इज ट्वेंटी वन. तिचा गुडघा गेला म्हणून मला बोलावतायत. आणि स्कूलचं काय? परत डिफर? आणि माझा गेला परत तर?" मग हळूच म्हणाली, "आणि मी सहा महिने बॉलला हात पण नाही लावला."

हे म्हणताना तिनं बापाकडे बघितलं. बापानं लोणच्याकडे बघितलं. मला वाटलं, बिचारी.

दोन दिवस लॅबमध्ये मायक्रोस्कोपवर बसून डोक्यात तेच ते. अठ्ठावीस म्हणजे काही बावीस नव्हे. गुडघा एकदा शिवलेला. डिग्री झाली की आयुष्यभराची सोय. बाबा असते तर काय म्हणाले असते? मग नळावर रांगेत उभे असलेले बाबा डोळ्यांपुढे आले. त्यांनी मला कधी विचारलं नव्हतं, तुला काय व्हायचंय. विचारण्याइतकी उसंतच नव्हती त्यांना. मला आहे. आणि मी काय केलं, तर चेंडू तांदळामागे लपवला. तिनं नकार दिला तर तो तिचा असेल की मी लपवलेल्या चेंडूचा, हे मला कधीच कळणार नव्हतं. हा विचार आला तेव्हा समोरच्या स्लाइडवरच्या पेशी मला तीनदा मोजाव्या लागल्या.

गुरुवारी संध्याकाळी घरी आले. दोघं किचनमध्ये होते, मिलिंद कांदा चिरत होता, मित्रा कोशिंबीर करत होती. मी म्हटलं, तांदूळ आणते खालून. तांदूळ डब्यात होता, पण निमित्त हवं होतं. चेंडू वर आणायचा की नाही, हे पायऱ्या उतरतानाही ठरलं नव्हतं. पिशवीला हात घातला आणि बाजूला सारली.

चेंडू होता तिथेच होता. मी ठेवला होता तसाच, शिवण भिंतीकडे. फक्त लाल रंग दिसत नव्हता. वरपासून खालपर्यंत कापूस चिकटलेला, पांढरा, भुरभुरीत, यंदाचा. मी हातात घेतला तर पंजा तेलकट झाला. ताजं जवस. मी जानेवारीत ठेवला तेव्हा बेसमेंटच्या खिडकीबाहेर चार फूट बर्फ होता.

मी तिथे तांदळाच्या पिशवीवर बसले. वरून त्या दोघांचं बोलणं ऐकू येत होतं, मग थांबलं. मी खाली फार वेळ लावला हे त्यांच्याही लक्षात आलं असणार. रोज संध्याकाळी पिशवी सरकवायची, चेंडू काढायचा, पार्कात जायचं, परत आणून शिवण भिंतीकडे करून ठेवायचा. मला दिसू नये म्हणून. मला दुखेल म्हणून. आणि मिलिंदनं एवढं तेल पाजलं ते, पुन्हा हात पक्का व्हावा म्हणून. मला हसू आलं, आणि हसता हसता रडू आलं, दोन्ही एकदम. अर्धा कापूस नखांनी खरवडला, मग सोडून दिला.

वर आले आणि चेंडू डायनिंग टेबलावर ठेवला, ताटांच्या मधोमध. मिलिंदची सुरी कांद्यात अडकली. मित्रा कोशिंबिरीचं भांडं हातात धरून उभी राहिली.

"आई, आय कॅन एक्सप्लेन."

"काही नको. गुडघा कसा आहे?"

"चांगला आहे." मग म्हणाली, "खरंच चांगला आहे. बाबांनी टाइम लावून पळवलंय मला."

मिलिंदला त्याच वेळी शिंक आली.

"मग शुक्रवारपर्यंत कशाला ताटकळत ठेवतेस त्यांना? आज कळव," मी म्हटलं. "कॉलेजलाही एक मेल टाक. एकदा ढकलला, दोनदा ढकलू. नाहीच म्हणाले तर तिसऱ्यांदा अर्ज कर, मी बसते तुझ्याबरोबर. आणि या वेळी नव्या क्लबाची जर्सी द्यायला मी येणार आहे. शिफ्ट बदलून घेईन."

ती ओठ घट्ट मिटून उभी राहिली, हात मागे बांधून.

"बस आधी," मी म्हटलं. "जेवलीस का दुपारी नीट?"

तिनं मान हलवली, हो की नाही ते कळलं नाही. मी ताट ओढलं. हात धुवायचे राहिले होते, बोटांना जवसाचा वास येत होता, नखांत कापूस अडकलेला होता. तशाच हातानं मी तिला वाढलं.